दिलीपची सिंहीण आणि माझी दुर्बीण

दिलीप गेला, आणि माझी दुर्बीण परत न करता गेला.

आज तिथीने वर्ष झालं. मागून नेलेली वस्तू न देता देह ठेवणाऱ्याला पुढे कोणती गती मिळते, याबद्दल आपले ग्रंथ संशयास्पदरीत्या गप्प आहेत.
मी शोधलं आहे.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: दिलीप असोद्याचा. केळीत वाढला आणि नोकरीसाठी गीरच्या जंगलात सिंहांच्या मागे हिंडला. कोणता नर कोणत्या कळपात घुसला, कोणती सिंहीण कोणाबरोबर दिसली, पिल्लं कुठे लपवली. मिशांच्या मुळाशी असतात त्या ठिपक्यांवरून तो एकेकाला ओळखायचा.

मी धुळ्याचा वार्ताहर, संस्कृत घेऊन बीए.
मी म्हणायचो, "म्हणजे तू जंगलातलं वधूवर सूचक मंडळ."
तो म्हणायचा, "नाही रे पंडित. तुझ्यासारखाच लोकांच्या घरात डोकावतो. फक्त छापत नाही."

आयुष्य सिंहांत काढलं आणि गेला सुट्टीत, घरी, दुपारी जेवून आडवा झाला तेव्हा.
मला तेही संशयास्पदच वाटलं होतं.

मागे राहिल्या सुनंदावहिनी, एकुलती तेजल आणि केळीचा मळा.

दिवस संपले त्या, गंधमुक्तीच्याच दिवशी दिलीपचे थोरले भाऊ नाना म्हणाले, "सुनंदा, पोरीचं वर्साच्या आत उरकी टाक. नहीतं तीन वर्स थांबनं पडीन."

रिवाज आहेच तसा. घरातला कर्ता गेला की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनंतर.

नानांच्या मनात त्यांच्या साडूचा मुलगा. जामनेरच्या मामांच्या मनात एका आडत्याचा मुलगा. वरणगावचे फुवा, म्हणजे तेजलच्या आत्याचे यजमान, यांच्या मनात स्वतःचाच मुलगा.
जो जावई, त्याचा मळा. हे तिघांच्याही मनात.

तेजल जळगावला प्राणिशास्त्र शिकतेय. पुढे शिकून तिला बापाच्या जंगलात जायचंय. हे मात्र कोणाच्याच मनात नव्हतं.

काही महिन्यांनी नानांचा फोन.
"पंडित, मुहूर्त निघला का?"
"कसला मुहूर्त?"
नाना हसले. "बरोबर हाये. बोलायचंच नाही. सुनंदानं मलेबी तेच सांगेल हाये. मुहूर्त पंडित पाहीन, तवलोक कोनापाशी बोलू नका."

पुढच्या आठवड्यात मामांचा फोन. मग फुवांचा. तोच प्रश्न, तेच हसू.

संस्कृत घेतलं की माणसाला पंचांग कळतं, असा आमच्याकडे पक्का समज आहे. मला माझ्या लग्नाची तारीख आठवत नाही. तो विषय घरी दरवर्षी निघतो.

पण एकाच गोष्टीबद्दल तीन माणसं एकाच वेळी खूश दिसली की वार्ताहराला चैन पडत नाही. दुर्बिणीचं निमित्त करून मी असोदा गाठलं.

नानांचा गडी केळीला पाणी देत होता. ओट्यावर मामांनी पाठवलेल्या गव्हाचं पोतं. फुवा तेजलला गाडीवरून कॉलेजात सोडून नुकतेच परतलेले.
इतका जिव्हाळा मी या घरात दिलीप असताना पाहिला नव्हता.

"वहिनी, ती माझी दुर्बीण..."
"पाहू ना भाऊजी. तुमच्याशिवाय कोन हाये आम्हाले?"

मी विरघळलो. दुर्बीण विसरलो. चहा घेतला.
तेवढ्यात नाना आले. "सुनंदा, मंग आपलं कसं?"
"पाहू ना नाना. तुमच्याशिवाय कोन हाये आम्हाले?"

मी कप खाली ठेवला.

दिलीपनं एकदा माझ्या घरी पोहे खाता खाता सांगितलेलं आठवलं. परका नर पिल्लांना मारून टाकतो. म्हणून सिंहीण आसपासच्या प्रत्येक नराशी जमवून घेते. मग प्रत्येकाला वाटतं, पिल्लं आपलीच असतील. कोणी पंजा उचलत नाही.

मी विचारलं होतं, "आणि ते नर एकदा एकत्र बसून बोलले तर?"
तो म्हणाला, "तोपर्यंत पिल्लू पळण्याएवढं मोठं व्हायला पाहिजे. बस."

वहिनींनी तर होकार कोणालाच दिला नव्हता, फक्त 'पाहू' म्हटलं होतं. हे त्यांना दिलीपनं सांगितलं होतं की आतूनच माहीत होतं, हा माझा संशय अजून फिटलेला नाही. विचारलं तर म्हणतील, पाहू ना भाऊजी.

आज वर्षश्राद्धाची पंगत. नाना शेजारी बसले आणि मोठ्यानेच म्हणाले, "पंडित, आता तरी सांग. तारखेनं वर्स सरायले अजून आठ-दहा दिवस हायेत. देवळात उरकू."

समोरून मामा म्हणाले, "नाना, तुम्हाले काय करनं मुहूर्ताचं?"
फुवा वडे वाढत होते. ते थांबले.

वहिनी खिरीचं पातेलं घेऊन आल्या. "आता कुठलं लग्न नाना? वर्स झालं ना आज. आता तीन वर्स नाही. तुम्हीच तं सांगेल होतं."
आणि नानांच्या वाटीत खीर वाढली.

नाना माझ्याकडे वळले. "तिथी धरायची का तारीख?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बीएचा कोणाला उपयोग झाला.
"तिथी, नाना."

निघताना तेजल दारापर्यंत आली. दुर्बीण तिच्याच गळ्यात होती. म्हणाली, "काका, न्यायची का?"
म्हटलं, राहू दे.

ही पोस्ट नाना वाचणार नाहीत. मामा इथे आहेत, पण फक्त सुप्रभात टाकतात. फुवांचा भरवसा नाही. वाचली तर वाचू देत, आता लपवायला काही उरलेलं नाही.

दिलीप, दुर्बिणीचं मी सोडून दिलं.

पण मी बाहेर पडलो तेव्हा ते तिघं निंबाखाली गाड्यांपाशी उभे होते. वर्षभरात पहिल्यांदा एकत्र. हळू आवाजात बोलत होते. मला पाहून गप्प झाले.

तुझं पिल्लू पळण्याएवढं मोठं झालंय का, ते मला ओळखता येत नाही. ते तुला यायचं.

मला भीती वाटते आहे, दिलीप. एवढंच.

निरोप देतो. ये आता. नमस्कार.