अर्जुनाला आवतन

नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाजवळ भल्या सकाळी विडीचा वास आला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण अभिमानाने मी इतकी फुगलेली, की परत फिरणार कशी?

अभिमान कशाचा, तेही सांगते. आमची मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी, मुरगळल्या हातापायावर अर्जुनाच्या सालीचा लेप लावते. पार घाटंजीहून लोक येतात. या खेपेला तिचाच पाय मुरगळला. साल आणायचं काम तिने पोटच्या पोरांना कधी दिलं नाही, ते मला दिलं. बॉटनीची पदवी एकीकडे, हे एकीकडे.

"आज सांजी झाडाले आवतन देऊन ये," ती म्हणाली. "हळद-तांदूळ वाह्यजो, उद्या येतो म्हणजो. वाटेत कोणाशी बोलजो नोको, नाहीतं गुण येत नाही."

वाटेत नेमके शेजारचे रामभाऊकाका.

"कुठी चालली वं बाई?"

मी गप्प.

"काहून बोलत नाही?"

मी ओढणी तोंडाला लावून पळत सुटले. बोलले असते अन् गुण गेला असता म्हणजे?

झाडापाशी मात्र खणखणीत आवाजात सांगितलं, "उद्या सकाळीच येतो. तुले घेऊनच जाईन. तयार राह्यजो."

मागे तुरीत काहीतरी सळसळलं. मांजर शिंकलं तरी दचकणारी मी. रानडुक्कर समजून थेट घर गाठलं.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. आई डोळे पुसत म्हणाली, "तुले काही सांगाचं हाय का?"

"उद्या सांगतो," मी रुबाबात म्हणाले. लेकीच्या कौतुकानेच रडतेय, असं वाटलं मला.

तर सकाळी पिशवी घेऊन झाडासमोर उभी. विडीचा वास, वारा नसताना तूर हलतेय. साल काढण्याआधी झाडाला विचारावं लागतं.

"आलो मी. नेऊ ना?"

मी एक पाऊल पुढे सरकून पुन्हा विचारलं.

"नेऊ ना रे?" तिसऱ्यांदा विचारलं, आणि झाडामागून घोगरं उत्तर आलं.

"कोणाले?"

जन्मापासून ऐकलेला तो आवाज, पण मी ओळखला नाही. सरळ लोटांगण घातलं. "तुमालेच, देवा. थोडीशी साल फक्त."

काठी घेऊन बाबा पुढे आले. तुरीतून रामभाऊकाका आणि दोन्ही मामा उठले.

"साल?" बाबा म्हणाले. "मंग पोरगा कुठी हाय?"