निरा बोलाचा पॅक

चूक माझीच होती, हे आधी कबूल करून टाकतो. म्हणजे पुढं चिडायला मी मोकळा.

सासूबाई अकोल्याला जठारपेठेत एकट्या राहतात, आम्ही अमरावतीला. त्यांच्या फोनचा रिचार्ज माझ्याकडे. फोन बटणांचा. त्यात नेट येत नाही, आणि आलं तरी सासूबाई त्याला दारातूनच परत पाठवतील. तर गेल्या उन्हाळ्यात मला हुशारीचा झटका आला. ॲपमध्ये नेहमीच्या पॅकच्या खाली एक फारच स्वस्त पॅक दिसला. इतकी वर्षं आपण स्वतःला उगाच लुटून घेतलं, असं म्हणत मी तो मारला आणि बायकोला ऐटीत सांगितलंही. तो पॅक नुसत्या डाटाचा निघाला. सायकल घेऊन पेट्रोल पंपाच्या रांगेत उभं राहावं, तसलं माझं काम.

एवढ्यानं काय बिघडलं, असं वाटेल. त्यासाठी आमच्या घरातला करार सांगायला हवा. सासरे गेल्यावर बायकोनं आईला अमरावतीला आणायचा हट्ट धरला. आई येईना. माय-लेकींचं बरंच वाजलं आणि शेवटी तह झाला. रोज सकाळी चहा झाला की सासूबाईंनी मिस कॉल द्यायचा, बायकोनं तो कट करायचा. बोलायचं काही नाही. फोन वाजला म्हणजे आई उठली, चहा प्याली, बरी आहे. बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत हे आता दोघींनाही ठाऊक आहे, पण मिस कॉल तो मिस कॉल. "ज्या दिवशी माहा फोन वाजला नाही, त्या दिवशी तू म्हनशीन तिथं येऊन राहीन," असा सासूबाईंनी शब्द दिला होता.

जुन्या पॅकची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही.

बायकोनं लावला, तर बंद. शेजारचं कुटुंब लग्नाला अचलपूरला गेलेलं. बायको शाळेत शिकवते, त्या दिवशी तिच्या वर्गाचा पेपर होता. पर्स खांद्याला, चप्पल पायात, आणि डोळे भरलेले. म्हणाली, "तुमी जा. आन् आईले घेऊनच या, सामानासकट. आता मी कोनाचं काही आयकनार नाही."

मूर्तिजापूर येईपर्यंत एसटीत मी घाबरलेला होतो. नको नको ते डोक्यात येत होतं. मग सहज ॲप उघडलं, आपण काय पराक्रम केला ते वाचलं, आणि भीती गेली. तिथून पुढं मी संतापलो. पहिली दहा मिनिटं स्वतःवर, नंतर मात्र त्या ॲपवर. कारण आता योग्य पॅक मारून टाकू म्हणून मी खाली खाली सरकवत गेलो, तर महिन्याच्या प्रत्येक पॅकला रोजचा डाटा चिकटवलेला. कुठं कमी, कुठं जास्त, पण आहेच. फक्त बोलायचा महिन्याचा पॅक मला काही सापडेना.

म्हणजे बघा. बाजारात मी पावभर वांगी मागितली आणि भाजीवाली म्हणाली, सोबत रोज टोपलंभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यावाच लागेल, पैसे मोजून. वर म्हणाली, रात्री उरलेला सांबार मी परत उचलून नेईन. त्या बाईचं दुकान आमच्या गल्लीत एक दिवस तरी टिकेल काय? लोक टोपल्यासकट हाकलून देतील. पण तेच फोनच्या कंपनीनं केलं की आपण अंगठा लावून मोकळे. उरलेला डाटा रात्री बारा वाजता कुठं जातो? कोण नेतो? परत का देत नाही? माझंच सांगतो. माझ्या फोनात रोज अर्ध्याहून जास्त डाटा उरतो, आणि तो वाया जाऊ नये म्हणून मी जेवण झाल्यावर परदेशात कुणीतरी गालिचे धूत असल्याचे व्हिडिओ बघत बसतो. आमच्या घरात गालिचा नाही. मला हे बघायची हौस नव्हती. पैसे भरलेत म्हणून मी बघतो, आणि सवय झाली की म्हणतो, मला एवढा डाटा लागतोच. गरज आधी नव्हती, ती पॅकसोबत घरी आली.

जठारपेठेत पोचलो तर सासूबाई अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. ठणठणीत. मी बायकोला लगेच तसा मेसेज टाकला.

"जावईबापू? काहून जी, असे अचानक? आन् एकटेच?"

"तुमचा फोन बंद आहे, आई."

"बिघडला तो. नंबर लावला का एक बाई हिंदीत बोलते. चार डाव आयकलं तिचं, मंग बंदच करून ठेवला. चालत नाही त सेल काहून जाळा?"

मी पाणी प्यालो आणि लेकीचा निरोप सांगितला. सासूबाईंनी हातातली कुरडई खाटेवर टेकवली.

"करार म्या मोडला काय?" त्या म्हणाल्या. "मी टायमावर उठली, चहा पेली, नंबर बी लावला. माह्याकडून काय राहिलं ते सांगा."

त्यांच्याकडून काहीच राहिलं नव्हतं. एक बाई आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या मर्जीनं राहते, आणि तिला तिथून उठवायला एका पॅकची मुदत पुरते. मी उठलो. म्हटलं, फोन बिघडला नाही, मीच चुकून नुसत्या नेटचा पॅक मारला; चला, आधी तुमचा फोन सुरू करू.

कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानदाराला त्या वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "भाऊ, मले निरा बोलाचा पॅक पायजे. महिन्याचा. ते नेट-फेट नोको."

"निरा बोलाचा महिन्याचा नाही ना मावशी," तो म्हणाला. "महिन्याचा घ्याचा त डाटा घ्याच लागते. निरा बोलाचा पायजे त लंबा घ्या. तीनेक महिने, नाही त सालभर. आन् तो बी काही लय सस्ता नाही."

माझा तोल गेला. "म्हणजे ज्याच्या हातात एका वेळी थोडेच पैसे असतात, जो महिन्या-महिन्याचाच पॅक मारू शकतो, त्याच्याच गळ्यात डाटा बांधायचा? आणि ज्याला एकदम भरता येतात, त्याला मेहेरबानी म्हणून डाटातून सूट? हा काय न्याय झाला? हातगाडीवाल्यानं, धुणीभांडी करणाऱ्या बाईनं काय करायचं?" आणखीही बरंच बोललो. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबून ऐकायला लागले.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "मी काय कंपनी आहो काय? माह्यावर काहून चिल्लावून राहिले?"

"जावईबापू, तुमी बसा. पंख्याखाली बसा." सासूबाईंनी मला स्टूल दाखवलं आणि दुकानदाराकडं वळल्या. "भाऊ, सालभराचा मार."

"आई, एकदम वर्षाचा?"

"मी सालभर राहीन याची कंपनीले खात्री हाय, मले नाही. पन मार." कमरेची पिशवी सोडून त्यांनी स्वतःच पैसे दिले. मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, "तुमचा रिचार्ज पायला आमी."

घरी येऊन मी त्यांच्या कपड्यांची पिशवी भरायचा विषय काढला.

"कायची पिशवी? सालभराचे भरले ना आता?"

"पॅक अमरावतीतही चालतो, आई."

"चालते. पन तिथं मिस कॉल कोनाले देऊ? बाजूच्या खोलीत?"

कायदा, व्यवहार, जावयाचा मान, काहीच चाललं नाही. त्यांनी मला वाढलं, कुरडया बांधून दिल्या आणि स्टँडवर जाणाऱ्या ऑटोत बसवलं. निघताना माझ्याच समोर बायकोला फोन लावून म्हणाल्या, "चालू झाला. ठेवतो." आणि ठेवला.

परतीच्या गाडीत माझा राग उतरला नाही. आज लिहितानाही उतरलेला नाही. सासूबाईंना काय हवं होतं? सकाळी एकदा फोन वाजवायचा. त्यासाठी कुणाला इंटरनेट विकत घ्यावं लागतं, कुणाला एकदम वर्षाचे मोजावे लागतात, आणि वर ॲप सांगतं की हे सगळं तुमच्या सोयीसाठी. हेच मी घरी पोचल्यावर बायकोला मोठ्या आवाजात ऐकवलं. तक्रार करतो म्हणालो, वर्तमानपत्रात लिहितो म्हणालो. आईला न आणता मी एकटा आलो, यावर ती भडकेल म्हणून मी थोडा जास्तच ओरडत होतो, हेही खरं.

ती भडकली नाही. कुरडया डब्यात भरत होती. माझं संपल्यावर विचारलं, "सालभराचा तिनं सोताहून मांगला?"

"हो. मी नको म्हणत होतो."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "द्या कंपनीले शिव्या, माहं काही म्हननं नाही. पन बाबा गेले तेव्हापासून आई पुढच्या आठवड्याचं बी बोलत नव्हती. आज सालभराचं बोलली. राहू द्या तिले तिथंच."