अप्पांच्या कॉम्प्युटरवरचा जबडा

भुताखेतांचे अनुभव वाचायला मला आवडतात, पण त्यातला एकही मी खरा मानलेला नाही. सांगलीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. आमच्या लॅबच्या सर्व्हरला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती, ती मीच तोडून कचऱ्यात टाकली. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा समोरच्या खुर्चीत बसलेलं असतं — एवढाच माझा विश्वास. तरीही हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

माझं माहेर पलूसजवळ. वडील — अप्पा — सैन्यातून निवृत्त झालेले. घरी ते आणि आई दोघंच. अप्पांना पेन्शनच्या कामासाठी म्हणून मी एक डेस्कटॉप घेऊन दिला. पेन्शन राहिली बाजूला, अप्पांना जुन्या कुस्त्या बघायचा नाद लागला. ‘फुकट डाउनलोड करा’ असं हिरवं बटण दिसलं की हा माणूस ते दाबणारच! मग काय, ब्राउझर उघडला की भलतंच सर्च इंजिन, कोपऱ्यातून उड्या मारणाऱ्या जाहिराती, न मागता आलेले तीन-चार टूलबार... दर महिन्याला रविवार घालवून मी ती घाण काढायची, आणि आठवडाभरात फोन यायचा, “शुभे, परत तसंच झालंय गं.”

“काय दाबलं होतं अप्पा?”

“मी काय बी दाबलं न्हाई.”

हे ठरलेलं. पण गेल्या हिवाळ्यात एकदा फोन आला तो वेगळाच.

“शुभे, कुस्ती लिहिलं की जबडा येतंय.”

“काय येतंय?”

“जबडा गं, जबडा! सोयाबीनचा भाव बघाया गेलो, तरी बी जबडाच.”

मी कॉलेजात होते, समोर मुलं उभी होती. म्हटलं रविवारी बघते, आणि फोन ठेवला.

रविवारी गेले. खरंच होतं. वरच्या पट्टीत काहीही टाइप करा, एंटर दाबलं की एक पांढरं पान उघडायचं. त्यावर काळ्या अक्षरात एवढंच मराठी —

“डाव्या बाजूला जबडा दुखतो का? चालताना दुखणं वाढतं का? थांबल्यावर कमी होतं का? अंगावर काढू नका.”

बस्स. खाली काही नाही. मला आधी त्याचंच नवल वाटलं. ब्राउझर हायजॅक करणाऱ्याला काहीतरी मिळवायचं असतं — तुम्ही जाहिरात बघावी, काहीतरी विकत घ्यावं, पासवर्ड द्यावा. इथे ना औषधाचं नाव, ना दवाखान्याचा नंबर, ना ‘इथे क्लिक करा’. पानाच्या पत्त्याची जागासुद्धा कोरी. एवढे उपद्व्याप करून कुणी फुकटचा सल्ला कशाला देईल?

असो. नेहमीचं सगळं केलं. नको ते प्रोग्राम काढले, एक्स्टेन्शन उडवली, ब्राउझर रीसेट केला, दोन वेगळ्या स्कॅनरनी तपासलं. स्कॅनरना टूलबार सापडले, कुस्तीच्या डाउनलोडरबरोबर आलेला, चोरून नजर ठेवणारा स्पायवेअर सापडला, तो काढला. ‘जबडा’ हा शब्द अख्ख्या मशीनमध्ये कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. पान मात्र येतच राहिलं.

अप्पा मागे खुर्ची टाकून बसलेले. “निघालं का?”

“नाही.”

“मग लॅबमध्ये काय करता तुमी?”

मशीन फॉरमॅट केलं. सगळं नव्याने टाकलं, दुपार गेली. ब्राउझर उघडला, ‘हवामान’ लिहिलं... जबडा. राउटरमध्ये गडबड असेल म्हणून तोही रीसेट केला. जबडा. मी संतापून मशीन तसंच बंद केलं आणि शेवटची एसटी धरून सांगलीला आले. आईने डबा बांधून दिला होता, तोही तिथेच विसरला.

पुढच्या रविवारी नवी हार्ड डिस्क घेऊन गेले. म्हटलं जुनं काही ठेवायचंच नाही. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, नवी बसवली, लॅबमधून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकलं. इंटरनेटची केबल मुद्दाम काढून ठेवली होती, वायफायची सोय त्या मशीनला नाहीच. अशा वेळी काहीही शोधलं तर ब्राउझर सरळ सांगतो, नेट नाही. दुसरं काही येऊच शकत नाही.

मी ‘कुस्ती’ लिहिलं. एंटर दाबलं.

डाव्या बाजूला जबडा दुखतो का?

केबल माझ्या डाव्या हातात होती... तिचं टोक मी बघत राहिले. भीती वगैरे काही वाटली नाही, खरं सांगते. डोकं फिरलं. दोन रविवार, नवी डिस्क, घरी नवऱ्याची बोलणी — मी उठून ओरडलेच, “अरे, कुणाचा दुखतोय जबडा या घरात? एकदाचं सांगून टाका!”

अप्पा दचकले. स्वयंपाकघरात आई शेंगा फोडत होती. तो आवाज थांबला.

“माझा दुखतोय,” आई म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. आत गेले तर ती मान खाली घालून बसलेली, गालावर हात.

“कधीपासून?”

“लय दिस झालं. मळ्यात चालत गेलं की लय ठणकतंय. बसलं की थांबतंय.”

“आगं, मग बोलली का न्हाईस?” अप्पा दारात येऊन उभे होते.

“दाढ असंल म्हणलं. लवंग धरत होते. आवं, पोरगी आधीच त्या मशीनवर वैतागलेली, त्यात माझं कुठं...”

त्या पानावर काय लिहिलंय हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं आठवडाभर नुसतं ‘जबडा, जबडा’ करत होतो, ते तिला कॉम्प्युटरचंच काहीतरी वाटलेलं.

शेजारच्यांची गाडी घेऊन तिला तशीच सांगलीला आणलं. वाटभर अप्पा तिचं मनगट धरून बसले होते. डॉक्टरांनी ईसीजी बघितला आणि लगेच दाखल करून घेतलं. हृदयाची मुख्य नस जवळजवळ बंद होत आली होती. बायकांना छातीतच दुखेल असं नाही, कधी नुसता जबडा दुखतो, असं डॉक्टर म्हणाले. “वेळेत आणलंत. कशावरून ओळखलंत?”

मी म्हटलं, “शंका आली.” दुसरं काय सांगणार होते?

आई आता बरी आहे. अप्पांना मळ्यातली कामं सांगते, स्वतः सावलीत बसते. तिला घरी आणल्यावर मी मशीन लावलं तर ‘कुस्ती’ लिहिल्यावर कुस्त्या आल्या. ते पान नंतर कधीच आलं नाही.

माझा नवरा नोकरीला साताऱ्याला असतो, शनिवारी घरी येतो. तो म्हणाला, “अगं, हे स्पायवेअर आपलं बोलणं ऐकतात, मग तशा जाहिराती येतात.” मी म्हटलं, त्या मशीनला माइक नाही, कॅमेरा नाही. आई कीबोर्डला हात लावत नाही, तिचा फोन साधा बटणांचा. आणि ऐकणार काय? तिने कुणाला सांगितलंच नव्हतं! “जुनं काहीतरी डिस्कवर राहिलं असेल.” डिस्क नवी. “पेन ड्राइव्ह?” लॅबच्या निम्म्या मशीनवर विंडोज त्याच पेन ड्राइव्हवरून टाकलंय, तिथे असलं काही नाही. तो म्हणाला, “मग मला माहीत नाही. चहा टाक.”

मलाही माहीत नाही. जुनी डिस्क मी लॅबमध्ये नेऊन सावकाश तपासली, काही मिळालं नाही. कुणाला याचा तांत्रिक खुलासा सुचत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाट बघतेय. पण केबल माझ्या हातात होती, हे आधी लक्षात घ्या.

अप्पांचा उपद्रव मात्र दुप्पट झालाय. आता ते कुठलीच जाहिरात मला काढू देत नाहीत — “असू दे, काय सांगतंय ते बघू तरी.” परवा कॉलेजात असताना फोन आला. आवाज एकदम गंभीर.

“शुभे, लाल अक्षरात आलंय. तुमची सिस्टीम धोक्यात हाय म्हणतंय. माझी का मशीनची?”

मी हसून ‘मशीनची’ म्हणणार होते. पण हातातली ती केबल आठवली.

“अप्पा,” मी म्हटलं, “ते बंद करा... आणि उद्या सकाळी जाऊन बीपी तेवढं तपासून या.”