छताचा खळगा

त्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको जेवत होतो. वांग्याची भाजी, नाचणीची भाकरी. मी मिठाकडं हात नेला, तर सुशीलेनं बरणीच उचलून मांडीवर घेतली. "डॉक्टरानं तुम्हाला सांगितलंय, मला नाही," म्हणाली आणि माझ्यासमोर आपल्या ताटात चिमूटभर मीठ टाकून घेतलं. बाई अशीच. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

मी चौथी शिकलेला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर राबलेला. बंगळूरला राजाजीनगरात घर बांधलं तेव्हा हिनं हॉल लहान आणि जेवायची खोली मोठी करून घेतली. मेस्त्री हसला, तर म्हणाली, "अण्णा, हॉलमध्ये माणसं नुसती तोंडं बघतात. पोटातलं बोलतात ते इथं."

एकट्यानं जेवलेलं तिला खपायचंच नाही. गॅसवाल्यालासुद्धा अर्ध्या कन्नडात "सरी, सरी, स्वल्प बसा" म्हणत बसवायची आणि तो चपाती संपवेपर्यंत समोर बसून त्याच्या सासूची चौकशी करायची.

वरच्या खोलीत भाडेकरू आली, नागपूरची पूजा. कॉम्प्युटरवर काम, दुपारी पार्सलचा डबा. हिला कळलं आणि हिनं जळमटं काढायचा लांब झाडू घेतला, टेबलाशेजारी उभी राहिली आणि दांड्यानं छत ठोकलं. दोनदा.

वरून आवाज आला, "काकू, मीटिंग आहे ना!"

"मीटिंगला भूक लागत नाही, तुला लागते. ये खाली!"

मग ते रोजचंच झालं. छताला तिथं खळगा पडला. मी ओरडलो, "अगं, पोपडे आमटीत पडतात!"

"पानातून चुना खाताच की. तोच समजा."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या गौरम्मा अक्का उप्पिटाचं पातेलं टेबलावर ठेवून गेल्या. थोरला मुलगा महेश आदल्या दुपारीच देवनहळ्ळीहून आलेला. माझ्यापुढं बशी सरकवून म्हणाला, "अण्णा, दोन घास खा. मला नको." आणि हॉलमध्ये जाऊन बसला.

घास उचलला. समोर तिची खुर्ची. घास खाली ठेवला.

उठलो. दाराआडचा झाडू काढला आणि खळग्यात दांडा ठोकला. दोनदा.

मग जिन्यात चपला वाजल्या. पूजा दारात आली, डोळे सुजलेले. तिच्या मागं महेशही येऊन उभा राहिला. दोघं छताकडं बघत होती. बशीत पोपडा पडला होता, तो मी बोटानं काढून टाकला.

"बघताय काय? हात धुवा दोघं," म्हणालो. "उप्पिट निवतंय."