लाजराचं बोट

चाकणला मोटारीच्या दाराचे पत्रे ठोकणाऱ्या एका शेडमध्ये शालनबाई साळवे सहा वर्षं प्रेसवर होत्या. ऑगस्टात त्यांच्या प्रेसचा, हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद पडला, शिफ्ट मात्र थांबली नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मालाची गाडी पाचला सुटायची होती, ती पाचलाच सुटली.

त्यांना तिथं लावलं होतं अण्णासाहेबांनी. ते लेबर कॉन्ट्रॅक्टर, शिवाय काळेवाडीच्या चर्चचे पंच. चर्चचं नवं छत त्यांनीच घालून दिलेलं, आणि छताखाली बसणारी निम्मी माणसं त्यांच्याच हजेरीवर. दवाखान्याचं त्यांनी पाहिलं आणि आठवड्यानं एक कागद घेऊन रहाटणीच्या खोलीवर आले. गावी कडबाकुट्टीत हात गेला, असं त्यावर लिहिलं होतं.

"सही कर, शालन. वर्षालीला ऑफिसात चिकटवतो."

वर्षाली त्यांची मुलगी. बारावी होऊन घरी बसलेली.

"अण्णासाहेब, माझ्या बापाच्या दारात शेळी न्हवती. कडबाकुट्टी कुठली आणू?"

"कागदाला शेळी लागत नाही गं," ते हसून म्हणाले. "हंगामाच्या सणापर्यंत विचार कर."

शालनबाईंना तक्रार करायची होती. पण साक्षीदार हवा, आणि शेजारच्या प्रेसवरची कस्तुरा म्हणत होती, "मी पाठमोरी होते." तिच्या घरातले तिघं अण्णासाहेबांकडेच कामाला.

हंगामाचा सण म्हणजे चर्चमध्ये पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस; आता कुणाचंच शेत उरलेलं नाही. तरी लोक मंडईतून भोपळे नि ऊस आणून वेदीपुढं मांडतात, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्याआधी नाटिका. यंदा दृष्टांत निघाला श्रीमंत माणूस आणि लाजराचा: श्रीमंताच्या दारात पडलेला भिकारी लाजर मेल्यावर स्वर्गात अब्राहामाशेजारी बसतो, आणि श्रीमंत आगीत जातो. जांभळी शाल पांघरून श्रीमंत व्हायची हौस अण्णासाहेबांचीच. लाजरासाठी पाळकबाई विजयश्रींनी शालनबाईंना बोलावलं.

"तुम्हाला पाठांतर नको. लाजराला एकही वाक्य नाही. आधी दारात पडायचं, मग अब्राहामाशेजारी बसायचं."

"पट्टी तर तयारच आहे," कस्तुरा म्हणाली. "मेकअप वाचला." शालनबाईही हसल्या.

दुपारी त्यांनी बायबल डाव्या हातानं उघडून ती गोष्ट पुन्हा वाचली.

"आगीत पडला तरी हुकूम सुटंना बघ याचा," त्या वर्षालीला म्हणाल्या. "जीभ गार करायला लाजराला पाठवा म्हणतो. तेही अब्राहामाला. लाजराला विचारत सुदिक न्हाई."

"आई, तू सही करणार का?"

"तू काय म्हणतीस?"

"तोच कागद मी ऑफिसात बसून फाईलला लावू?"

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. अण्णासाहेबांनी काम चांगलं वठवलं. कण्हत, हात पसरून ते ओरडले, "बापा अब्राहामा, लाजराला पाठव! बोटाचं टोक पाण्यात बुडवू दे!"

शालनबाई उठल्या. नाटिकेत उठायचं नव्हतं. पाळकबाई कडेनं "बसा, बसा" करत होत्या. शालनबाईंनी सावकाश पट्टी सोडली आणि हात वर धरला.

"कुठलं बोट बुडवू, अण्णासाहेब? टोक तुमच्या प्रेसखाली राहिलं."

नाटिकेतलंच असेल म्हणून मागं कुणी तरी हसलं, आणि मध्येच थांबलं.

"शालन, हे देवाचं घर आहे," अण्णासाहेब हळू म्हणाले.

"म्हणून तर हितं सांगते. कडबाकुट्टीत न्हाई गेलं. चाकणला गेलं. सेन्सर बंद होता, सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं."

"पुरावा?"

तिसऱ्या बाकावरून कस्तुरा उभी राहिली. "मी शेजारच्या प्रेसवर होते."

"तू तर पाठमोरी होतीस ना?"

"मान वळते माझी, अण्णासाहेब."

लिलाव झाला, पण भोपळ्यांना बोली फारशी लागली नाही. जांभळी शाल बाकावरच पडून होती.

सोमवारी दोघींची नावं हजेरीतून काढली होती. ते सांगायला सुपरवायझर कामगारांच्या बसपाशी थांबला, पण दोघी तिकडं फिरकल्याच नाहीत. त्या कामगार कार्यालयात होत्या. वर्षालीनं अर्ज लिहून काढला. पट्टी बघून कारकुनानं शाईचा डबा पुढं सरकवला. "अंगठा चालेल, बाई."

"अंगठा नको," शालनबाई म्हणाल्या आणि पेन डाव्या हातात घेतलं. बराच वेळ लागला. मागच्या माणसानं "आटपा की, मावशी" म्हटलं, तरी त्यांनी घाई केली नाही. नाव वाकडं आलं, पण वाचता येत होतं.