अकरा एकांची चादर

लग्न ठरताना सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, गणित कसं आहे? चांगलं आहे, म्हणालो. माझ्या थापांची यादी केली तर ही दुसरी लागेल. पहिली सांगतो.

सासरे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. एक भोक चुकलं की मोराला दोन चोची, त्यामुळे माणूस आयुष्यभर मोजत आलेला. घरात तेलुगू, आकडे मात्र मराठीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक संख्या धरली: ओळीनं अकरा एक. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. हिला कशानं भाग जातो, की ही मूळ संख्या आहे? त्यासाठी एक लाख पाच हजारांच्या वरपर्यंतच्या एकेका मूळ संख्येनं हातानं भागून बघायचं. मी एकदा मोबाईल काढला, तर म्हणाले, "मोबाईलला कळलं. मला कुटं कळलं?"

संख्या फुटली नाही, तर किनारीवर अकरा एक विणलेली चादर ते जुन्या कारखान्यातून करून घेणार होते. फुटली तर नाही.

वीस हजारांपर्यंत त्यांनी एकट्यानं रेटलं. मग किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मी त्यांना स्कूटरवर डायलिसिसला नेऊ लागलो. हात थरथरायला लागला तेव्हा निम्मं काम माझ्याकडे आलं. माझं प्रत्येक पान ते नवाच्या ताळ्यानं तपासायचे. म्हणजे संख्येतल्या आकड्यांची बेरीज करत करत एक आकडा उरवायचा. अकरा एकांचे अकरा, त्याचे दोन. भाजक, भागाकार आणि बाकी यांचा हिशेब दोनावर आला की लाल टिक.

पहिल्याच महिन्यात, एका दुपारी क्रिकेटची मॅच होती आणि माझी चाळीस गणितं तुंबलेली. तेव्हा मला शोध लागला की ताळा जुळवायला भागाकार करावाच लागत नाही. भागाकार अंदाजानं लिहायचा आणि दोन येतील अशी बाकी ठोकून द्यायची. पहिला डाव संपायच्या आत चाळीसही झाली. चाळीस लाल टिका आल्या.

"सुधारला की हो, जावईबापू."

मी लाजलोसुद्धा. पुढची मात्र खरी केली. चांगुलपणानं नव्हे, खोटी करायलाही डोकं लागतं म्हणून.

दोन वर्षं गेली. सुया टोचलेला हात स्थिर ठेवून ते दुसऱ्या हातानं भागत राहायचे. अक्षर मुंग्यांसारखं झालं, मग मुंग्याही पांगल्या. शेवटची बाकी लिहून झाली तेव्हा वही मिटून एवढंच म्हणाले, "न्हाय फुटत."

चादर आली. डायलिसिसला थंडी वाजते, तिथं ती पांघरून ते नर्सबाईंना किनार मोजायला लावायचे. पंधरा दिवस पांघरली. मग गेले.

तेरावा झाल्यावर मी सहज, अभिमानानंच, ते अकरा एक मोबाईलमध्ये टाकले. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

वही काढली. २१६४९. माझं पान, माझं अक्षर, मॅचची दुपार. भागाकार ५१३११२, बाकी ८५५४. पुढं लाल टिक.

म्हणजे उत्तर पहिल्याच महिन्यात माझ्या हातात आलं होतं. पुढची दोन वर्षं तो माणूस सुया टोचलेल्या अंगानं जे भागत बसला, त्यातलं एकही गणित करायची गरज नव्हती.

त्या ओळीखाली मी तोच भागाकार पहिल्यांदा खरा केला. बाकी शून्य. बायको चादरीची घडी घालत होती. तिनं विचारलं, आता काय लिहिताय?

"ताळा बघतोय."

"जुळतोय का?"

"जुळतोय," मी म्हणालो. "तेव्हाही जुळला होता."

तिनं घडी किनार वर येईल अशी फिरवली आणि कपाटात ठेवली.