सावलीभाऊ आणि डॉक्टरांची काळी गाडी

सावलीभाऊ माणसाकडे बघण्याआधी त्याच्या सावलीकडे बघायचे. दवाखान्याच्या पायरीवर कोणी येऊन उभं राहिलं की त्यांची नजर आधी जमिनीवर जायची. सावली किती लांब पडली, कुठल्या बाजूला कलली, हे पाहून ते उठायचे आणि गाडी चार हात पुढे किंवा मागे घ्यायचे. खरं नाव त्यांना होतंच, पण पवनीत ते फक्त मतदार यादीत आणि पोस्टमनच्या तोंडी उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते सावलीभाऊ.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी पवनीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. यजमान वरठीला रेल्वे स्टेशनावर कामाला, शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. साडेचार वर्षांची रंजू आणि मी, दोघीच. घरी कोणी नसल्यामुळे रंजू दिवसभर दवाखान्याच्या व्हरांड्यातच खेळायची. डॉक्टरांकडे काळी अँबेसेडर होती आणि सावलीभाऊ तिचे ड्रायव्हर.

डॉक्टरांच्या घराची गल्ली इतकी अरुंद की गाडी आत शिरत नसे. म्हणून ती बारा महिने दवाखान्याच्या पश्चिमेच्या मोकळ्या मैदानात उभी असायची. सकाळी भिंतीची सावली मिळायची, पण दुपारी बारानंतर तिथे डोकं लपवायलाही जागा नसे. मैदानाच्या कोपऱ्यात मोठा कडुलिंब होता. नवीन माणूस हमखास म्हणायचा, लावा की झाडाखाली. सावलीभाऊ मान हलवायचे. "झाडाची सावली माणसाले. गाडीवर पाखरं घाण करते, अन् उन्हात ते घाण रंगाले खाऊन टाकते. नाई जमत."

म्हणून त्यांनी खोळ करून घेतली होती. पवनीत घरोघरी माग. ओळखीच्या एका विणकराकडून त्यांनी जाड पांढऱ्या सुताचे पट्टे विणून घेतले आणि आतून जुन्या, धुऊन मऊ पडलेल्या लुगड्यांचं अस्तर लावलं. खालून बांधायला सहा बंद होते. खोळ घालण्याआधी ते अख्खी गाडी मऊ फडक्याने झटकायचे. एकदा मी म्हटलं, "एवढं कशाला? झाकायचीच तर आहे." ते म्हणाले, "बाई, धुळीवर खोळ घातली तं ते खोळ नाई राहत, पॉलिशपेपर होते."

ऊन उतरून पत्रा निवल्याशिवाय ते गाडीला पाणी लावू देत नसत. दारांच्या रबराला बोटाने खोबरेल चोळायचे. आत स्टिअरिंगपुढच्या फळीवर धुतलेलं धोतर चौपदरी घडी करून ठेवायचे, आणि चारही काचा वरून दोन बोटं उघड्या. "आतली गरमी बाहेर गेली पाहिजे. बंद केली तं आत भट्टी होते. शीट तडकते, समदं तडकते." पोरांनी गाडीला हात लावलेला मात्र त्यांना खपत नसे. "ए पोट्टेहो, दूर!" अशी आरोळी दिवसातून दहादा ऐकू यायची. रंजू त्यांची लाडकी होती, तिच्यासाठी ते खिशात बोरकूट बाळगायचे. पण गाडीच्या बाबतीत तिलाही सूट नव्हती.

त्या मे महिन्यात हगवणीची साथ होती. व्हरांड्यातसुद्धा खाटा टाकल्या होत्या. आदल्या संध्याकाळी धुळीचं वादळ आलं होतं आणि आणखी येईल म्हणून सावलीभाऊंनी गाडीच्या काचा पूर्ण वर चढवून खोळ बांधून टाकली होती. सकाळी डॉक्टर नातेवाइकांच्या गाडीतून नागपूरला गेले. दवाखान्यात मी, एक वॉर्डबॉय आणि सावलीभाऊ. काळी गाडी दिवसभर झाकलेलीच राहणार होती.

दुपारी दीडच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की रंजू दिसत नाही.

आधी हाका मारल्या. मग कपाटामागे, खाटांखाली, शेजारच्या विणकरांच्या घरात पाहिलं. माग थांबले, बायका बाहेर आल्या. कोणीतरी म्हणालं, वैनगंगेकडे तर नाही ना गेली? दोघे जण घाटाकडे पळाले. दवाखान्याच्या मागे कठडा नसलेली विहीर होती. वॉर्डबॉयने आत गळ टाकला. दोरी तळाला लागून सैल पडायची, तो ती पुन्हा ओढायचा. दोनदा चिखल आला, एकदा फुटकी बादली.

एक म्हातारी विणकरीण गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या खोळीत तं पाहा."

सावलीभाऊ घामाने निथळत उभे होते. ते म्हणाले, "तिथं काहून जाईन? बांधून आहे ते. माह्या हातानं बांधली." आम्ही सगळे पुन्हा विहिरीकडे वळलो.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. मी मागे पाहिलं तर सावलीभाऊ जागचे हलले नव्हते. ते गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते. पाच बंद गाठ मारलेले होते आणि सहावा जमिनीवर लोंबत होता.

त्यांनी खोळ सोडवली नाही, फाडली. जाड सुताचा तो फाटण्याचा आवाज मला अजून आठवतो. मागच्या सीटवर रंजू आडवी पडली होती. बाकी दारं बंद होती, मागच्या या एकाच दाराला कुलूप नव्हतं. ती आत शिरली होती, दार ओढून घेतलं होतं आणि आतला खटका खाली दाबून बसली होती. सावलीभाऊंनी दार ओढून पाहिलं, उघडेना. त्यांनी मैदानातला दगड उचलला आणि पुढच्या दाराच्या काचेवर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच आत पडली आणि त्यांनी फुटलेल्या काचेतून हात घालून दार उघडलं. गाडीची चावी त्यांच्या खिशात होती. ते कोणालाच आठवलं नाही, त्यांनाही नाही.

रंजूचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम म्हणून नव्हता. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. मी तिला व्हरांड्यात आडवं केलं, कपडे काढले. विणकरांच्या बायका माठच्या माठ घेऊन धावल्या. ओली चादर, वरून वारा, पुन्हा पाणी. शेकडो रुग्णांची नाडी पाहिलेली माझ्या बोटांना तिच्या मनगटावर ठोका सापडेना. "रंजू, ए रंजू." काहीच नाही. एका बाईने रडायला सुरुवात केली तशी सावलीभाऊ तिच्यावर ओरडले, "रडून नको राहू! वारा घाल!"

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग रंजूला ओकारी झाली, आणि त्यानंतर ती रडली. अगदी बारीक, चिरक्या आवाजात. मी तिला छातीशी धरून जमिनीवर बसले. समोर सावलीभाऊ उभे होते, उजव्या हाताला दुपट्टा गुंडाळलेला, त्यातून रक्त ठिबकत होतं. मी नर्स होते. उठून तो हात बघायला हवा होता. मी बघितला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. रंजूला तपासलं, धोका टळला म्हणाले, आणि मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "हे झालं कसं? चूक कोणाची?"

"माझी, साहेब," सावलीभाऊ म्हणाले. "काचा म्या बंद केल्या. खोळ म्या बांधली. म्हातारी सांगून राहिली होती, तं म्याच तिले थांबवलं."

मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही.

गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. गाडीपायी पोट्टी गेली असती, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्यांनी भंडाऱ्याहून नवी काच आणून बसवून घेतली, गाडी पुसली, आणि चावी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी समजावलं, थांबा म्हणाले. ते थांबले नाहीत. भंडाऱ्याजवळ शहापूरला मेव्हण्याकडे गेले आणि हायवेवर मालाचा टेम्पो चालवायला लागले.

दुसरा ड्रायव्हर आला. फाटलेली खोळ कोठीत पडून राहिली. त्या वर्षीच टपाचा काळा रंग राखेसारखा झाला. पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या फळीला भेगा पडल्या, सीटचं रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आला. डॉक्टर म्हणायचे, जुनी झाली आता. पण गाडी तीच होती, दोन वर्षांत एवढी जुनी होत नाही. मला रोज सकाळी तिच्याजवळून दवाखान्यात जावं लागे आणि रोज मी दुसरीकडे बघत जायची.

कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या दुपारी एका म्हाताऱ्याची शीर सापडत नव्हती, सुई दोनदा चुकली होती, आणि रंजू माझा पदर ओढून भूक लागली म्हणत होती. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, "जा, कुठेतरी लपून बस. मला दिसू नकोस." तिने ते ऐकलं होतं.

शेवटी एका रविवारी मी बसने शहापूरला गेले. सावलीभाऊ अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली. मी कप खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मले मालूम होतं, बाई," ते म्हणाले.

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी पोट्टीले पाहाले आलो होतो ना. तुम्ही आत होत्या. तिनंच सांगितलं, आई म्हणे लपून बस. म्या तिले म्हटलं, हे आता कोणाले सांगू नको."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? नोकरी सोडावी लागली तुम्हाला. लोक काय काय बोलले."

त्यांनी बाजेची सैल दोरी बोटाने ओढून पाहिली. "मी तं गाव सोडून गेलो, बाई. लोकायचं बोलनं तिथंच राहिलं. तुमच्या नावानं बोलले असते तं पोट्टीच्या कानावर पडलं असतं. अन् तिले तुमच्याच घरात मोठं व्हायचं होतं." मग म्हणाले, "काचा म्या बंद केल्या, हे काय खोटं हाय? तेवढंच सांगितलं म्या."

निघताना ते रस्त्यापर्यंत आले. बस दिसली तेव्हा ते म्हणाले, "तिले आठवत नसंल तं नका आठवू देऊ."

मी ते पाळलं. पुढे मला भंडाऱ्याला नोकरी मिळाली, आम्ही पवनी सोडली. दिवाळीत एकदा-दोनदा मी एकटीच शहापूरला गेले, ते रंजूच्या शाळेचं विचारायचे, बाकी काही नाही. रंजू दहावीला होती त्या वर्षी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. सावलीभाऊ गेले होते, दहाव्याची तिथी कळवली होती. रंजूने ते वाचून विचारलं, "हे कोण गं?"

मी तिला समोर बसवलं आणि काहीही न गाळता सांगितलं. सुई, धपाटा, खोळ, विहीर, काच, डॉक्टरांसमोर मी गप्प राहिले ते, आणि बाजेवरचं त्यांचं बोलणंही. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ती बराच वेळ पोस्टकार्ड उलटसुलट करत राहिली. माझ्याकडे बघेना. तिच्या मनात माझ्याबद्दल काय चाललंय ते मला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना.

मग ती उठली, पोस्टकार्ड दप्तरात ठेवलं आणि म्हणाली, "शहापूरची पहिली बस किती वाजता असते? दोघी जाऊ."